रबर ताणतं का आणि जेल फुगतं का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत रबराचे पार्ट बनवणारे, एलआयटी आणि व्हीएनआयटी या तंत्रशिक्षण संस्थांतली पोरं, काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार, गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. यांचे प्रश्न ऐकायला वेगवेगळे वाटतात. खोलात गेलं की सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात: लांब साखळ्या, त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गाठी आणि त्या गाठींची दाटी. ताणून सोडलं की परत येणं आणि द्रवात टाकलं की फुगणं, या दोन्हींचा हिशेब त्या दाटीवर बसतो. सूत्रं लागली तिथे शब्दांत लिहिली आहेत. ज्याला फक्त पेट्रोलच्या पाइपाचं किंवा शेतातल्या हायड्रोजेलचं (पाणी शोषून धरणाऱ्या पावडरीचं) उत्तर हवं आहे, त्यानं खुशाल मधले प्रश्न सोडून पुढे जावं.

क्रॉसलिंक केलेलं पॉलिमर जाळं म्हणजे नेमकं काय?

नैसर्गिक रबराचा एक रेणू म्हणजे आयसोप्रीन नावाच्या एककाची हजारो वेळा जोडलेली साखळी. कच्च्या रबरात अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. गंधक घालून तापवलं की शेजारच्या दोन साखळ्यांच्या मध्ये गंधकाचा पूल तयार होतो. हाच क्रॉसलिंक. पुढे मी त्याला गाठच म्हणणार आहे.

गाठी वाढत गेल्या की एक क्षण असा येतो की साखळ्यांचे सुटे पुंजके जोडले जाऊन तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाळं तयार होतं. त्यासाठी फार गाठी लागत नाहीत; सरासरीनं दर साखळीमागे एखादी गाठ पडली तरी पुरते. म्हणजे ट्रकच्या टायरातलं रबर हा जवळजवळ एकच रेणू असतो, उचलायला दोन माणसं लागतील एवढा. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते हसतात, पण हे अक्षरशः खरं आहे.

जाळं तयार झालं की नाही हे ओळखायची साधी खूण: योग्य द्रावकात टाकल्यावर कच्चं रबर विरघळून जातं, गाठी पडलेलं रबर फक्त फुगतं.

गाठी नसत्या तर काय बिघडलं असतं?

नागपूरच्या मे महिन्यात काहीच टिकलं नसतं. १८३०च्या दशकात अमेरिकेत कच्च्या रबराचे बूट आणि कोट विकले जात होते. उन्हाळ्यात ते चिकट होऊन वितळायचे, हिवाळ्यात लाकडासारखे कडक व्हायचे, आणि कारखाने त्यापायी बुडाले. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला आणि १८४४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. इंग्लंडात मात्र टॉमस हॅनकॉकचा अर्ज गुडइयरच्या अर्जाच्या काही आठवडे आधीच दाखल झाला होता. त्या वेळी दोघांनाही आपण साखळ्यांना गाठी मारतोय याची कल्पना नव्हती. पॉलिमर म्हणजे लांब साखळी, हे मान्य व्हायलाच १९२०चं दशक उलटावं लागलं.

ताणलेलं रबर परत का येतं? आत बारीक स्प्रिंगा असतात का?

नसतात, आणि रबराचा हाच भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो.

स्टीलची स्प्रिंग ताणली की अणूंमधलं अंतर बदलतं, बंधांवर ताण येतो, त्यात ऊर्जा साठते. रबरात बंध जवळपास होते तसेच राहतात. बदलते ती साखळीची बसायची तऱ्हा.

समजा, सीताबर्डीच्या चौकात उभं राहून तुम्ही शंभर पावलं टाकली, प्रत्येक पाऊल मनाला येईल त्या दिशेला. शेवटी तुम्ही सुरुवातीच्या जागेपासून साधारण दहा पावलांवर असाल, कारण अंतर पावलांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. बरोबर शंभर पावलं दूर पोहोचायचं असेल, तर प्रत्येक पाऊल नाकासमोर टाकण्याचा एकच मार्ग उरतो. दहा पावलांवर पोहोचायचे मार्ग मात्र मोजता येणार नाहीत इतके. साखळीचंही तसंच आहे. तिचा प्रत्येक दुवा उष्णतेनं सतत हलत असतो आणि दिशा बदलत असतो. ती गोळा होऊन बसण्याचे प्रकार अगणित, ताठ होण्याचे मोजके. ताणलं की आपण तिला त्या मोजक्या प्रकारांत कोंडतो. सोडलं की ती पुन्हा अगणितांत जाते, कारण तिथे जाण्याची शक्यताच प्रचंड असते. या शक्यतांच्या मोजमापाला एंट्रॉपी म्हणतात. रबराचा ओढा मुख्यतः एंट्रॉपीचा आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. दोन गाठींच्या मध्ये शंभर मोकळे दुवे असतील, तर साखळी नैसर्गिक स्थितीत दहा दुव्यांएवढी लांब असते आणि पूर्ण ताठ केली तर शंभर. म्हणजे रबर जास्तीत जास्त दहापट ताणेल. गाठी दाट केल्या आणि मध्ये पंचवीसच दुवे उरले, तर पाचपट. दाट गाठींचं रबर लवकर तुटतं ते उगाच नाही.

गाठी नसतील तर? साखळ्या एकमेकींवरून घसरत जातील आणि परत यायला 'मूळ जागा' अशी उरणारच नाही. चघळलेलं च्युइंगगम ओढून पाहा.

याचा काही पुरावा घरी बघता येईल का?

हो. रुंद रबरबँड ओठाला लावा आणि झटकन ताणा. गरम लागेल. तसाच ताणून काही सेकंद धरा, मग झटकन सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. गार लागेल. इंग्लंडातल्या केंडलचे जॉन गॉफ यांनी १८०५ साली हेच लिहून ठेवलं. ते अंध होते, आणि रबर ओठाला लावून त्यांनी हा फरक टिपला. जेम्स जूलनं १८५९ मध्ये ते काटेकोर मोजून दाखवलं.

दुसरा प्रयोग जास्त गमतीचा आहे. रबरबँडला वजन टांगा, तो दुपटीच्या आसपास लांबेल एवढं. आता हेअर ड्रायरनं तापवा. धातूची तार लांबली असती. रबर आखडतं आणि वजन काही मिलिमीटर वर येतं. उष्णता वाढली की दुव्यांची वळवळ वाढते आणि गोळा होण्याची ओढही वाढते.

रबर नीट ताणलेलं असू द्या. दहा टक्क्यांपेक्षा कमी ताणलेल्या रबरात साधं उष्णतेनं प्रसरण पावणं वरचढ ठरतं आणि उलटा निकाल दिसतो. शाळेच्या प्रदर्शनात हा प्रयोग फसतो तो बहुतेक याच कारणानं.

रबराचा कडकपणा आकड्यात कसा काढायचा?

आदर्श जाळ्यासाठी सूत्र असं: कातर मॉड्युलस (तुकडा आडवा सरकवायला किती जोर लागतो त्याचं माप) म्हणजे घनता गुणिले वायू स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान, भागिले दोन गाठींमधल्या साखळीचं मोलर वजन. घनता ९३० किलो प्रति घनमीटर, स्थिरांक ८.३१४, तापमान ३०० केल्व्हिन आणि गाठींमधलं वजन मोलमागे ५ किलो (म्हणजे ५००० ग्रॅम) घेतलं, तर उत्तर येतं साधारण ४.६ लाख पास्कल, म्हणजे ०.४६ मेगापास्कल. ओढून मोजायचा यंग मॉड्युलस याच्या तिप्पट, सुमारे १.४ मेगापास्कल. स्टीलचा २ लाख मेगापास्कल असतो. म्हणजे रबर स्टीलपेक्षा लाखपटीहून मऊ.

या सूत्रात रबराची रासायनिक जात जवळजवळ नाहीच, हे लक्षात घ्या. सिलिकॉन असो की नैसर्गिक रबर, गाठींची दाटी सारखी असेल तर मऊपणाही सारख्याच घरातला. आणि तापमान वरच्या बाजूला आहे! डिसेंबरातली १० अंशांची पहाट २८३ केल्व्हिन आणि मेमधली ४५ अंशांची दुपार ३१८ केल्व्हिन. तेच आदर्श रबर दुपारी साधारण १२ टक्के जास्त कडक. कारखान्यातला माणूस यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. त्याच्या कंपाउंडमध्ये कार्बन ब्लॅक आणि तेल असतं, आणि अशी भरती असलेलं रबर उष्णतेत उलट थोडं सैलच पडतं.

परीक्षेत अफाइन मॉडेल लिहायचं की फँटम?

जे विचारलं असेल ते. दोन्ही जाळ्याच्या कडकपणाचीच मॉडेलं. फरक एवढाच की अफाइनमध्ये गाठी तुकड्याबरोबर जशाच्या तशा सरकतात असं धरतात, तर फँटममध्ये त्या आपल्या जागी थरथरत राहतात. प्रत्येक गाठीला चार साखळ्या जोडलेल्या असतील, तर फँटमचं उत्तर अफाइनच्या बरोबर निम्मं येतं. खरं रबर कमी ताणावर अफाइनजवळ आणि जास्त ताणावर फँटमकडे झुकतं. शिवाय साखळ्यांचा आपसातला गुंता न बांधताही गाठीसारखा वागतो, आणि एकच टोक बांधलेल्या साखळ्या काहीच भार घेत नाहीत. सूत्रातली दाटी आणि टाकलेल्या गंधकाची दाटी जुळत नाही ती यामुळे.

गंधक जास्त टाकलं तर रबर मजबूत होईल ना?

कडक होईल, मजबूत होईलच असं नाही. मऊ वस्तूंसाठी १०० भाग रबराला साधारण १ ते ३ भाग गंधक आणि जोडीला गाठी लवकर पाडणारा अ‍ॅक्सिलरेटर. ३० भागांच्या पुढे गेलात की एबोनाइट, जुन्या फाउंटन पेनांचं काळं कडक द्रव्य. फाटायला विरोध करण्याची ताकद मधल्या दाटीवर सगळ्यात जास्त असते आणि पुढे घसरते. गाठी दाट झाल्या की मधल्या साखळ्या आखूड होतात, आणि चिरेच्या टोकाशी ऊर्जा जिरवायला जागा उरत नाही. नैसर्गिक रबराचा आणखी एक गुण यात हरवतो: जोरात ताणल्यावर त्याच्या साखळ्या ओळीत येऊन स्फटिक बनतात आणि चीर तिथेच अडते. फार गाठी हे स्फटिक बनू देत नाहीत.

फुगणं म्हणजे नेमकं काय? द्रव आत शिरतो कशाला?

विरघळण्यासाठीच शिरतो. टोल्यूइनचे रेणू आणि रबराच्या साखळ्या एकमेकांत मिसळायला राजी असतात. गाठी नसत्या तर साखळ्या वेगळ्या होऊन टोल्यूइनभर पसरल्या असत्या. गाठी असल्यामुळे सुटका नाही, पण द्रव आत येत राहतो आणि जाळं चारही बाजूंनी ताणलं जातं. ताणलेली साखळी परत गोळा व्हायला बघते. मिसळण्याची ओढ आणि आखडण्याची ओढ जिथे बरोबरीत येतात, तिथे फुगणं थांबतं. आत खेचणाऱ्या दाबाला परासरण दाब म्हणतात. बाहेर ढकलणारा दाब म्हणजे वर कडकपणाच्या प्रश्नात आलेलं मॉड्युलसच. पॉल फ्लोरी आणि जॉन रेहनर यांनी १९४३ मध्ये ही बरोबरी समीकरणात मांडली, आणि आजही प्रयोगशाळेत तेच वापरतात.

आकडे हवेत? द्रावक आणि साखळी यांचं किती पटतं ते एका संख्येनं सांगतात, तिचं नाव 'काय' (ग्रीक अक्षर χ). ती जितकी लहान तितकं जास्त पटतं. नैसर्गिक रबर आणि टोल्यूइनसाठी ती ०.३९च्या आसपास धरतात. गाठींमधलं वजन ५००० असेल तर समीकरणातून आकारमान साधारण साडेचारपट येतं. वजन निम्मं केलं, म्हणजे गाठी दुप्पट केल्या, तर ३.४ पट. गाठी निम्म्या केल्या तर सहापटीच्या जरा वर. फुगणं मोजा, गाठी कळतील. गाठी कळल्या की कडकपणा कळेल. विश्लेषणाची महागडी यंत्रं नसलेल्या छोट्या कारखान्यालाही हे परवडतं.

मग फुगवून गाठी मोजायच्या कशा?

साहित्य: अचूक तराजू, झाकणाची बाटली, टोल्यूइन. गॅसपासून दूर, हवा खेळती असलेल्या जागी किंवा फ्यूम हूडमध्ये. घराच्या ओट्यावर हा प्रयोग करू नका. टोल्यूइनची वाफ डोकं चढवते आणि पेट घेते.

रबराचा छोटा पातळ तुकडा वजन करून टोल्यूइनमध्ये बुडवा आणि अंधारात ठेवा. वजन वाढायचं थांबेपर्यंत वाट बघायची, बहुधा दोन-चार दिवस, आणि मधे द्रावक एकदा तरी बदलायचं. बाहेर काढून टिपकागदानं पटकन पुसा आणि लगेच झाकणाच्या बाटलीतच वजन करा, कारण टोल्यूइन डोळ्यांदेखत उडून जातं. शेवटी पूर्ण वाळवून पुन्हा वजन.

वाळलेला तुकडा १ ग्रॅम आणि फुगलेला ४.३ ग्रॅम आला असं धरू. आत ३.३ ग्रॅम टोल्यूइन, घनता ०.८६७, म्हणजे ३.८ घनसेंटिमीटर. रबर १.०७५ घनसेंटिमीटर. फुगलेल्या तुकड्यात रबराचा वाटा २२ टक्के, म्हणजे आकारमान साडेचारपट. वरच्या उत्तराशी ताडून बघा.

सुरुवातीच्या वजनापेक्षा वाळलेलं वजन कमी भरलं, तर तेवढा माल जाळ्यात बांधलाच गेला नव्हता: न जोडलेल्या साखळ्या, तेल, मेण. क्युअरिंग (तापवून गाठी पाडणं) कच्चं राहिलं आहे का, हे सांगणारा हा सर्वात प्रामाणिक आकडा. आणि कार्बन ब्लॅक किंवा चॉक भरलेलं कंपाउंड असेल, तर त्याचं वजन वजा केल्याशिवाय हिशेब करू नका.

भाऊ, पेट्रोलचा पाइप फुगून निपलवरून निसटतो. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) मुळे का?

असू शकतं, पण आधी पाइप कशाचा आहे ते बघा. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन आणि नैसर्गिक रबरही हायड्रोकार्बन. दोघांचं चांगलं पटतं. बाजारातला स्वस्त पाइप पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा नसेल, तर तो साध्या पेट्रोलमध्येही फुगणारच. इंधनाला नायट्राइल रबर वापरतात, कारण त्यातल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे साखळी ध्रुवीय होते आणि तेलाशी तिचं पटत नाही. ते प्रमाण जितकं जास्त तितका तेलाला विरोध जास्त, पण थंडीत लवचिकपणा कमी.

इथेनॉल आलं की गणित बदलतं. ते स्वतः ध्रुवीय आहे. नायट्राइल नुसत्या पेट्रोलमध्ये थोडं फुगतं, नुसत्या इथेनॉलमध्येही थोडं, आणि दोघांच्या मिश्रणात त्या दोन्हींपेक्षा जास्त. मिश्रणातला एक घटक साखळीच्या ध्रुवीय भागाशी जुळतो, दुसरा उरलेल्या भागाशी. २०२३पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या सील आणि पाइपांची चर्चा झाली ती या कारणानं. फ्लोरोरबर अशा मिश्रणात कितीतरी चांगलं टिकतं. महाग आहे, पण कार्ब्युरेटरच्या एवढ्याशा ओ-रिंगवर (सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीवर) पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

फुगण्यापेक्षा नंतरचं सुकणं जास्त त्रास देतं. इंधन आत येतं तेव्हा रबरातलं तेल धुऊन नेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की इंधन उडून जातं, आणि तेल गमावलेली ओ-रिंग मूळ मापापेक्षा लहान आणि कडक होते. मग गळती. उन्हात उभ्या गाडीत हे लवकर होतं.

आणि ब्रेकच्या डब्यात कधीही इंजिन ऑइल टाकू नका. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बसवलेले ईपीडीएम रबराचे सील खनिज तेलात बेसुमार फुगतात आणि ब्रेक जाम होतात किंवा लागतच नाहीत.

थंडीत रबर कडक होतं, मग तुमचं 'उष्णतेत कडक' कुठे गेलं?

ते सूत्र साखळीचे दुवे मोकळे हलत असतील तोपर्यंतच लागू. एका तापमानाखाली ते गोठतात आणि रबर काचेसारखं होतं. नैसर्गिक रबरासाठी हे उणे ७० अंशांच्या आसपास आहे, म्हणून नागपूरच्या थंडीत काळजी नाही. पण गोठायच्या बऱ्याच आधीच परत येण्याचा वेग मंदावतो. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान झेपावलं तेव्हा हवा साधारण २ अंशांवर होती, रॉकेटच्या जोडावरची ओ-रिंग वेळेत जागेवर आली नाही आणि यान नष्ट झालं. चौकशीत रिचर्ड फाइनमननं त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात दाबून दाखवला, तेवढं पुरलं.

डायपरमधली पावडर एवढं पाणी कसं पिते?

सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. साखळीवर ऋण भार आणि आजूबाजूला सुटे सोडियम आयन. हे आयन साखळ्या सोडून जाऊ शकत नाहीत, कारण भाराचा समतोल राखावा लागतो. म्हणून आत आयनांची गर्दी, बाहेर शुद्ध पाणी, आणि पाणी आत धावतं. गाठी विरळ ठेवल्या तर शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काही शे पट पिते. लघवीसारख्या खारट द्रवात बाहेरही आयन असतात, म्हणून ओढ घटते आणि आकडा तीस-पन्नास पटींवर येतो. फुगलेल्या जेलवर चमचाभर मीठ टाका, डोळ्यांसमोर पाणी सुटतं. मुलांना दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही.

रंगीत पाण्याचे मणी विकतात तेही याच जातीचे. लहान मूल घरात असेल तर ते आणूच नका. गिळलेला मणी आतड्यात फुगून मार्ग अडवतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाही.

संत्र्याच्या बागेत हायड्रोजेल टाकावं का?

'चारशे पट पाणी धरतं' ही जाहिरात ऊर्ध्वपातित पाण्यातली आहे. काटोलच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. दोन भारांचा कॅल्शियम एकाच वेळी दोन ऋण गट धरतो, म्हणजे स्वतःच नवी गाठ बनतो. जाळं घट्ट होतं आणि फुगणं सोडियमच्या पाण्यापेक्षाही जास्त घसरतं. वर मातीचा दाब आहेच. दाबाखालचं जेल मोकळ्या जेलएवढं फुगत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं सेल्युलोजवर आधारित पुसा हायड्रोजेल काढलं ते भारतातल्या शेतीसाठी, पण आपल्या पाण्यात ते कसं वागतं हे बघूनच खर्च करा.

घरची चाचणी सोपी आहे. दोन ग्लास, एकात गाळून घेतलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्यात तुमच्या बोअरचं. दोन्हींत चिमूटभर सारखीच पावडर, रात्रभर. सकाळी गाळून वजन करा. फरक बघून ठरवा. माझं मत विचाराल तर रोपवाटिका आणि नव्या लागवडीच्या खड्ड्यात याचा उपयोग आहे. मोठ्या झाडांच्या जुन्या बागेत आच्छादन आणि ठिबकवर आधी पैसे घाला. जेल पाणी तयार करत नाही, दिलेलं पाणी धरून ठेवतं.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती पण जेलच का?

भाऊबंद म्हणा, तेवढंच. काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजाच्या पातळ पत्र्यांवर ऋण भार असतो आणि मधे आयन. त्या आयनांमागून पाणी पत्र्यांत शिरतं, इथपर्यंत गोष्ट डायपरसारखीच. पुढे वेगळी: इथे लवचिक साखळ्या नाहीत आणि एंट्रॉपीचा ओढाही नाही. म्हणून माती सुकताना एकसंध लहान होत नाही, फाटते. आयन सोडियमचा की कॅल्शियमचा यावर मात्र दोन्हींचं वागणं अवलंबून असतं.

फुगायला इतका वेळ का लागतो?

वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. टोयोइची तानाका आणि डेव्हिड फिलमोर यांनी १९७९ मध्ये जेलच्या गोळ्यांसाठी हे दाखवलं. जाडी दहापट, वेळ शंभरपट. पावडर मिनिटात फुगते, गोटीएवढा मणी रात्रभर घेतो. अर्धवट फुगलेल्या मण्यावर सुरकुत्या दिसतात, कारण बाहेरचा थर फुगलाय आणि आतला गाभा अजून त्याला आवळून धरतोय. पूर्ण फुगला की सुरकुत्या जातात.

गरम केल्यावर आकसणारं जेल असतं म्हणे?

असतं. थोडक्यात 'पीनायपॅम' म्हणतात त्या पॉलिमरचं जेल साधारण ३२ अंशांवर पाणी सोडून एकदम लहान होतं. त्याखाली पाण्याशी पटतं, त्यावर पटत नाही. तानाकानं १९७८ मध्ये दुसऱ्याच जेलांमध्ये असं अचानक कोसळणं दाखवलं होतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतलंत, तर नागपुरात हे जेल फुगणारच नाही. प्रयोग माठातल्या पाण्यात करा.

कॉन्टॅक्ट लेन्सही जेलच का?

हो. चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टर्लेंनी १९६१च्या नाताळात मुलांच्या मेकॅनो छापाच्या खेळण्यापासून यंत्र जुळवून मऊ लेन्स ओतल्या. त्या जातीच्या जेलमध्ये पाणी साधारण ३८ टक्के.

सगळं १९४३ मध्येच कळलं असेल तर आता संशोधन कशावर चालतं?

बरंच बाकी आहे. खऱ्या जाळ्यात लोंबती टोकं, स्वतःशीच वळून बांधलेले फास, कुठे दाट कुठे विरळ अशी विषमता असते. टोकियो विद्यापीठात २००८ मध्ये चार हातांचे दोन प्रकारचे रेणू एकमेकांना जोडून फार सुबक जाळं बनवलं गेलं. त्याच जातीच्या जेलांवर २०२१ मध्ये मोजमाप करून दाखवलं की लवचिकतेत ऊर्जेचाही मोठा वाटा आहे, आणि तो ऋण आहे. म्हणजे वर मी 'मुख्यतः एंट्रॉपी' म्हटलं ते कोरड्या रबराला लागू. पाणी भरलेल्या जेलमध्ये द्रावक आपलाही हात मारतो. होक्काइदो विद्यापीठात २००३ मध्ये एक घट्ट आणि एक सैल अशी दोन जाळी एकात एक गुंफली. घट्ट जाळं तुटत राहतं आणि ऊर्जा जिरवतं, सैल जाळं तुकडा सांभाळतं. ९० टक्के पाणी असूनही ते जेल सहजी फाटत नाही.

जुन्या टायर-ट्यूब वितळवून नव्या का करत नाहीत?

वितळतच नाहीत, गाठी तोडायला गेलं की साखळ्याही तुटतात. म्हणून चुरा करून रस्त्याच्या डांबरात मिसळतात.

फुगवण्याच्या चाचणीत वापरलेलं टोल्यूइन बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का?

नाही. शहरातलं ते पाणी शेवटी नाग नदीच्या वाटेला लागतं, आणि टोल्यूइन पाण्यावर तरंगून गटारात वाफ साठवतं, तिला ठिणगी पुरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर नाव आणि तारीख लिहून साठवा आणि कॉलेज किंवा कारखान्यामार्फत घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. डबा पूर्ण काठोकाठ भरू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात द्रावक प्रसरण पावतं आणि झाकण उडतं.